तुझं सरप्राइजिंगली

शालूताई,

काल तुझी तेरवी झाली आणि मी न जेवता परत आले. भरल्या पानावरून उठून गेली, असं तुझ्या सासरचे आता चार घरी सांगतील. ते खोटं आहे. मी पानावर बसलेच नव्हते. पाहुणा उपाशी गेला की तुझा जीव खालीवर व्हायचा, हे मला माहीत आहे. पण तुला काय आवडलं असतं, याचा विचार मी आता सोडून दिला आहे. तुला सगळंच चालायचं, ताई. माझा राग त्याच्यावरच आहे.

आज शाळेत सुट्टी टाकली. लाखांदूरच्या या भाड्याच्या खोलीत दार लावून बसले आहे. गेले दोन आठवडे जो भेटला, तो तुझा एकच शब्द घेऊन भेटला. तुमच्या दुकानासमोरचा चहावाला, वैनगंगेच्या घाटावर भेटलेली तुझी जुनी गिऱ्हाईक, एसटीतला कंडक्टर. "काय बाई होती! बस वेळेवर आली तरी म्हणे, सरप्राइजिंगली बस टायमावर आली." असं म्हणून हसायचे आणि मग हसल्याचं वाईट वाटून चेहरा पाडायचे. तुझ्या सासरी, अर्ध्या पवनीला तुझं नाव माहीत नाही. सरप्राइजिंगलीवाली वहिनी म्हटलं की घर दाखवतात.

तो शब्द तुला कुठून मिळाला, हे मात्र माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. त्यांनी कधी विचारलंच नाही.

इंग्रजीनं तुला दहावीत दोनदा पाडलं होतं. बाबा म्हणाले होते, आता बस झालं, धानाच्या रोवण्याला हात कमी पडतात. तू हट्टानं तिसऱ्यांदा फॉर्म भरलास. त्या वर्षी शाळेत एक तरुण सर आले होते, मानधनावर. त्यांनी फळ्यावर तो लांबलचक शब्द लिहिला आणि सांगितलं, जे व्हायला नको होतं किंवा होईल असं वाटलंच नव्हतं, ते झालं, की वाक्याच्या तोंडाशी हा शब्द लावायचा. तू तो गोठ्यात ढोरांना तणीस टाकताना पाठ केलास. स्पेलिंगचे तुकडे पाडून, ओरडून ओरडून. मी लहान होते, मला ते गाणंच वाटायचं. पेपरात नेमका तोच आला. स्वतःच्या वाक्यात उपयोग करा. तू घरी येऊन आधी मला सांगितलंस काय लिहिलं ते. "सरप्राइजिंगली, आय ॲम नॉट अफ्रेड." बरोबर आहे का, असं तू मला विचारलंस. मला कुठे काय कळत होतं? मी मान हलवली.

तू काठावर पास झालीस. बाबा म्हणाले, "चला, सुटली एकदाची," आणि तुझ्यासाठी पोरगा पाहायला लागले.

माझ्या वेळी मात्र तू माहेरी येऊन बसलीस. तेव्हा तुझ्या पोटात प्रणाली होती. "सुमीले कॉलेजात टाका, नाही तं मी सासरी जात नाही," असं तू बाबांना तोंडावर म्हणालीस. मला भंडाऱ्याला तूच घेऊन गेलीस. प्रवेशाच्या खिडकीतला माणूस कागद परत करत होता, तर तू पोट सांभाळत वाकलीस आणि म्हणालीस, "साहेब, एक खेप पाहून तं घ्या. सरप्राइजिंगली, हिचे मार्क लई चांगले आहेत." तो दचकला. मग हसला. मग त्यानं कागद पाहिले. बाहेर येऊन तू मला कोपरानं ढोसलंस. "पाहिलं? हसला म्हणून ऐकलं त्यानं."

तिथेच तुझी चूक सुरू झाली, ताई. त्या एका खिडकीवर ते खरं ठरलं आणि तू जन्मभर त्यावर विश्वास ठेवलास.

लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी तू सासूबाईंना म्हणाली होतीस, "सरप्राइजिंगली, इथलं पाणी गोड आहे." तुला म्हणायचं होतं इतकंच की परक्या घरात मला बरं वाटतंय. सासूबाईंनी विचारलं, "हे काय म्हणून राहिली?" दिलीपनं, तुझ्या दिरानं, नक्कल केली. घर हसलं. त्या दिवसापासून घराला एक खेळणं मिळालं. मूळचं हातमागाचं घर, पुढे साड्यांचं दुकान टाकलेलं. दिवसभर गिऱ्हाईक, पाहुणे, व्यापारी. कोणी नवीन आलं की दिलीप म्हणायचा, "वहिनी, एक इंग्लिश होऊन जाऊ द्या." आणि तू हातातलं काम ठेवून म्हणून दाखवायचीस. नवरा असून भाऊजी तुला चारचौघांत मॅडम म्हणायचे. मॅडम, चहा. मॅडम, तो खालचा गठ्ठा काढा.

दुकानात मात्र तुझ्यामुळे बायका यायच्या, हे भाऊजींनीही कधी नाकारलं नाही. बपेऱ्याकडची एक बाई दरसाल लग्नाच्या खरेदीला एवढ्या लांबून तुझ्याकडे यायची. तू तिच्यासमोर पदर उलगडून म्हणायचीस, "सरप्राइजिंगली, याचा रंग जात नाही." ती हसून लोटपोट व्हायची आणि दोन साड्या जास्त घ्यायची.

मी बी.एड. करून मास्तरीण झाले, इंग्रजीचीच, आणि आपलं भांडण सुरू झालं. दर दिवाळीला तेच. मी म्हणायचे, ताई, तो शब्द असा कुठेही लावायचा नसतो. भात शिजला, सरप्राइजिंगली. म्हैस घरी आली, सरप्राइजिंगली. म्हैस रोज घरी येते. त्यात नवल काय?

"तुले नसंल वाटत नवल. मले वाटते."

"पण अपेक्षेच्या बाहेरचं काही पाहिजे ना!"

तू करंज्यांच्या कडा दुमडत होतीस. वर न बघता म्हणालीस, "मी कशाचीच अपेक्षा नाही ठेवत, सुमे. मंग सारंच सरप्राइजिंगली होते ना."

व्याकरणाच्या पुस्तकात त्याला उत्तर नव्हतं. मी विषय बदलून दुसऱ्या बाजूनं गेले. म्हटलं, ते तुझ्यावर हसतात, ताई, तुझ्या शब्दावर नाही. तू का म्हणून दाखवतेस?

"हसतात तं हसू दे. हसले म्हणजे ऐकतात तरी. नाही तं मले कोण ऐकते या घरात?"

"हसणं म्हणजे ऐकणं नाही."

"तुझ्या वर्गात कोणी हसते का?"

"नाही."

"मंग ऐकते का?"

तू जिंकलीस. तुझे ओठ जिंकल्यावर कसे मुडपायचे, ते आत्ताही दिसतंय. पण भांडण मी सोडलेलं नव्हतं. पुढच्या दिवाळीला पुन्हा काढणार होते.

पुढच्या दिवाळीआधीच प्रणालीचा फोन आला. ती नागपूरला नोकरी करते, सणाला घरी गेली होती. तिनं तुझा हात पाहिला. सुजलेला, खांद्यापासून जड झालेला. ब्लाउजची बाही तू उसवून मोठी केली होतीस आणि वर पदर घेऊन दुकानात बसत होतीस. प्रणालीनं कोणालाही न विचारता गाडी ठरवली. मी लाखांदूरहून थेट नागपूरला पोचले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि चष्मा काढला. "इतके महिने काय केलं?"

भाऊजी म्हणाले, "ती बोललीच नाही, मॅडम."

तू छताकडे पाहत होतीस. मी तुझ्याकडे पाहत होते. तुझ्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला तो हवा होता.

भाऊजी चहा आणायला खाली गेले, तेव्हा तू मला सांगितलंस. जाता जाता सांगितल्यासारखं.

"बोलली होती मी. आपल्या पवनीच्या डॉक्टरपाशी. यांच्या संगं गेली होती, यांचं बीपी मोजायले. निघायले यांनी चप्पल पण घातली होती. मंग म्हटलं, डॉक्टरसाहेब, इथं छातीत एक गाठ लागते हाताले. सरप्राइजिंगली, दुखत बिलकुल नाही."

"मग?"

"मंग काय. डॉक्टर हसला. हे म्हणाले, साहेब, आमच्या घरी हे रोजचंच आहे. डॉक्टर म्हणे, काकू, दुखत नाही तं मग सरप्राइजिंगली तुम्ही ठणठणीत. अन् ताकदीच्या गोळ्या लिहून देल्या."

"तपासलं नाही?"

"हसण्यात राहून गेलं."

हसण्यात राहून गेलं. ताई, हे तीन शब्द मी रोज ऐकते. वर्गात पोरं हसली तरी मला ते ऐकू येतात.

मग मी विचारलं, पुन्हा का नाही बोललीस? भाऊजींना घरी का नाही सांगितलंस? मला का नाही? आपण दर रविवारी फोनवर बोलत होतो. मला तू बाजारातल्या वांग्यांचा भाव सांगत होतीस.

"एकडाव सांगितलं. दुसऱ्या डाव सांगितलं असतं तं म्हणाले असते, घेऊनच बसली. अन् दुखतच नव्हतं तं काय सांगू? मंग लग्नसराई लागली. दुकान कोण पाहीन?"

डॉक्टरीणबाईंनी मला नंतर बाजूला घेऊन समजावलं, की अशी गाठ बहुतेक वेळा सुरुवातीला दुखत नाही, म्हणूनच बायका उशिरा येतात. दुखलं असतं तर बरं झालं असतं, असं त्या म्हणाल्या. मी खाली मान घालून ऐकत होते आणि माझ्या डोक्यात, लाज वाटते सांगायला, व्याकरण चाललं होतं. गाठ आहे म्हणजे दुखायला पाहिजे. दुखत नाही. म्हणजे अपेक्षेच्या बाहेरचं. शब्द अगदी त्याच्या जागेवर होता. तुझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात बिनचूक वाक्य होतं आणि ते ऐकायला दोन शिकलेली माणसं समोर बसली होती.

पुढचं मी लिहीत नाही. इंजेक्शनं, केस, उलट्या, ते सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. भाऊजींनी त्या काळात काही कमी केलं नाही, हेही मला लिहायला हवं. तुला उचलून बाथरूमला नेलं, पेज भरवली, दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. मी ते पाहिलं आहे. त्यानं माझा राग कमी झाला नाही. फक्त त्याला धरायला जागा राहिली नाही.

पण एक गोष्ट त्या घरात कोणाच्याच लक्षात आली नाही. तू तो शब्द म्हणणं सोडून दिलं होतंस. नागपूरहून परत आल्यावर एकदाही नाही. मी दर रविवारी यायचे, दुकानामागच्या तुझ्या खोलीत बसायचे आणि वाट पाहायचे. तू म्हणायचीस, "आज लाइन नाही गेली." मी थांबायचे. पुढे काही नाही. "आज दोन घास गेले." बस, एवढंच. इतकी वर्षं ज्या शब्दावरून मी तुझ्याशी भांडले, तो एकदा तरी चुकीच्या जागी ऐकावा म्हणून माझा जीव तगमगायचा. एका रविवारी मीच म्हटलं, "सरप्राइजिंगली, आज तुझा चेहरा चांगला दिसतोय."

तू भिंतीकडे तोंड केलंस. "नको वं. तुले नाही शोभत."

मला तेव्हा सांगायचं होतं की मी इंग्रजी घेतलं ते तुझ्या त्या शब्दामुळे. गोठ्यातून तू ओरडायचीस आणि मला वाटायचं, एवढा मोठा शब्द जिच्या तोंडात मावतो, ती माझी बहीण आहे. मला सांगायचं होतं की भंडाऱ्याच्या त्या खिडकीपाशी मी मनात ठरवलं होतं, शिकेन तर हेच. मी नाही सांगितलं. तुझी पाठ माझ्याकडे होती, मी ती चोळत बसले. मला वाटलं, पुढच्या रविवारी सांगू. तो रविवार आला नाही.

आता कालचं.

जेवणाच्या आधी अंगणात मंडळी बसली होती. तुझा फोटो खुर्चीवर, हार घातलेला. कोणीतरी म्हणालं, दोन शब्द बोला. दिलीप उठला. म्हणाला, आमची वहिनी हसमुख होती, या घरात तिनं कधी कोणाला रडू दिलं नाही. आणि मग त्यानं तुझी नक्कल केली. तुझ्यासारखी मान वाकडी करून, तुझ्या आवाजात, "सरप्राइजिंगली, इथलं पाणी गोड आहे." लोक हसले. हसता हसता बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सासूबाईही हसल्या. दिलीपचे डोळे भरले होते, ते खोटं नव्हतं. त्याला खरंच वाटत होतं की तो तुझी आठवण काढतोय.

मी उभी राहिले. मी म्हटलं, "तिचं एक वाक्य राहून गेलं, दिलीपभाऊ. तेही सांगा." त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला माहीत नव्हतं. मग मीच सांगितलं. डॉक्टरांकडचं, जसंच्या तसं, तुझ्या शब्दांत. कोण हसलं, काय बोललं, गोळ्या कसल्या मिळाल्या. आवाज चढवला नाही, वर्गात धडा वाचते तसं सांगितलं.

भाऊजी फोटोच्या बाजूला उभे होते, त्यांनी खुर्चीचा दांडा धरला. सासूबाई म्हणाल्या, "आता सांगून काय होते, बाई?" आणि मागून कुणीतरी आचाऱ्याला हाक मारली, वडे काढा म्हणून.

प्रणाली मला हाताला धरून मागच्या दारी घेऊन गेली. मला वाटलं, पोर आता गळ्यात पडेल. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"मावशी, बाबाले सर्वांसमोर काहून बोलली?"

"खरं ते बोलले."

"मले नाही माहीत का खरं? आईनं मले पण सांगितलं होतं." तिनं मागचं दार लोटून घेतलं. "आई गेली. आता मले हे एकच आहेत. तू तं बस पकडून चालली जाशील. मले इथं त्यांच्या समोर बसून जेवाचं आहे."

ती आत गेली. मी पिशवी घेतली आणि निघाले. तुझ्या लेकीनं मला बरोबर जागी मारलं, आणि तिचंही चूक नव्हतं.

स्टँडवर लाखांदूरची गाडी लागायची होती. भाऊजी आले, चालत, डोक्यावर टोपी तशीच. हातात स्टीलचा डबा होता.

"सुमन, उपाशी नको जाऊ."

"भूक नाही मला."

ते शेजारी बसले. डबा दोघांच्या मध्ये ठेवला. बराच वेळ गाड्यांच्या पाट्या वाचत बसले. मग म्हणाले, "ती पण हसली होती."

"कोण?"

"शालू. डॉक्टरपाशी. आम्हा दोघांच्या आधी तीच हसली वं. बोलली अन् लगेच हसली. मले वाटलं, गंमतच करून राहिली. ती हसली नसती तं मी..."

ते वाक्य पुरं करायला मी त्यांना मदत केली नाही. गाडी लागली, मी चढले. खिडकीतून पाहिलं तर ते डबा मांडीवर घेऊन तिथेच बसले होते. बस निघाली तरी उठले नाहीत.

ताई, नागपूरला तू मला सगळं सांगितलंस, चप्पल घातल्याचंसुद्धा. हे एवढं मात्र सांगितलं नाहीस. तू आधी हसलीस. गाठीचं सांगतानाही समोरच्याला अवघड वाटू नये याची काळजी घेतलीस. त्यांना हसायला वाट करून दिलीस आणि ते त्या वाटेनं निघून गेले. डॉक्टरला मी माफ करणार नाही. भाऊजींना करेन की नाही, ठाऊक नाही. काल त्यांचा डबा घेता आला नाही. पण तुझं काय करू? तुझ्यावर एवढा राग येतो की रडता येत नाही, आणि रडायला बसले की तू करंज्या दुमडताना दिसतेस.

आज दुपारी प्रणालीला फोन केला. पहिल्यांदा तिनं उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला.

"काय आहे, मावशी?" कोरडंच.

मी म्हटलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तुझीही तपासणी करून घ्यायची, आईला हे झालं म्हणून. तू टाळते आहेस. मी येते नागपूरला, आपण दोघी जाऊ.

ती म्हणाली, "बाबा पण येतो म्हणतात."

माझ्या तोंडाशी बरंच काही आलं. मी म्हटलं, "येऊ दे. बाहेर बसतील. आत मी बसेन."

"मले तसं काहीच होत नाही, मावशी," असं म्हणून ती जराशी हसली. अगदी तुझ्यासारखी.

मी म्हटलं, "हसू नको. नीट सांग."